शिवाप्पामामांचा बंधारा

पलीकडच्या काठावरून कोण हाक मारतंय, हे माझी आई चुलीपुढून न उठता सांगायची. "नाऽऽ ओऽऽ" अशी लांबलचक हाक आली की भाकरी थापता थापता तिचा हात क्षणभर थांबायचा. मग म्हणायची, "मळ्यातलं पावणं हाय. लेकीला माहेरी घिऊन आलंय. जावा लवकर, पोरीच्या कडंला ल्याकरू आसंल." आबा नाव घेऊन पलीकडे गेले की खरोखर पोरगी असायची आणि तिच्या कडेवर लेकरूही असायचं. आबा म्हणजे माझे वडील, नावाडी. आमचं घर दूधगंगेच्या काठावर, घाटाच्या अगदी वरच्या पायरीला लागून होतं. नावेची वाट बघणारी माणसं आमच्या ओसरीवरच बसायची, त्यामुळे पाण्याचा तांब्या कधी भरलेला राहिला नाही आणि गावातली कुठलीही बातमी आमच्या घराला चुकवून गेली नाही. सोयरिकी ओसरीवर ठरल्या, एकदोन मोडल्यादेखील. आई खर्डा वाटायला बसली की ओसरीवरचा कुणीतरी शिंकायचाच, आणि ती आतून ओरडायची, "नाकाला धोतार लावा की वो!"

हे सगळं मी आता कौतुकानं लिहितेय. तेव्हा मला त्या घराची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू! दिवाळीनंतर आबा नाव काठावर पालथी घालून तिला डांबर लावायचे, तो वास घरभर, अंथरुणाला, माझ्या शाळेच्या गणवेशालाही लागायचा. मी कागलला हायस्कुलात जायचे. वर्गात वंदना म्हणून एक मुलगी होती, मामलेदार कचेरीतल्या साहेबांची. तिच्या डब्यात तूप लावलेल्या पोळ्या, वेणीला रोज धुतलेली रिबीन. ती माझ्याशेजारी बसायची, कारण माझं गणित चांगलं होतं. एकदा तिनं सहज विचारलं, "तुझे बाबा काय करतात गं?" मी एका दमात सांगून टाकलं, "पाटबंधारे खात्यात आहेत." तसा नदीशी संबंध होताच की, असं मी माझ्या मनाला समजावलं. फार हुशार होते ना मी!

मी अकरावीत असताना आमच्या गावाला पूल झाला. नारळ फुटला, पेढे वाटले, आबांनीही पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून पलीकडून हाक यायची बंद झाली. आई भाकऱ्या करायची आणि मधेच कान देऊन बसायची. ओसरी ओस पडली. आबा सकाळी उठून घाटावर जात, नावेतलं साचलेलं पाणी उपसत आणि परत येऊन भिंतीला टेकून बसत. असे दोन महिने गेले. मग खालच्या अंगाच्या एका गावाहून निरोप आला. तिथं पूल नव्हता, त्यांची जुनी नाव कुजली होती, आणि त्यांच्या देवीची जत्रा तोंडावर आली होती. सरपंचानं सांगून पाठवलं होतं, "जत्रंच्या आदल्या दिशी नाव घाटाला लागली पायजे. लागली तर कायमची तुमची तर. न्हाई लागली तर आमी दुसऱ्याला सांगणार." तर म्हणजे नावेनं माणसं पार उतरवायचं काम, त्याचा हक्क. हातात चार दिवस होते. नाव बैलगाडीवर चढण्यासारखी नव्हती. ती पाण्यातूनच न्यायची, आणि वाटेत तीन बंधारे.

आमच्याकडचा बंधारा म्हणजे धरण नव्हे. नदीत ओळीनं दगडी खांब उभे असतात. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. खांबांना खाचा असतात आणि पावसाळा सरला की त्या खाचांतून एकावर एक लाकडी फळ्या सोडतात. त्या फळ्या म्हणजे बरगे. बरग्यांच्या दोन ओळी, मधल्या पोकळीत चिखल आणि गवत, आणि ते माणसांनी पायानं तुडवून घट्ट करायचं. मग पाणी तटतं आणि उन्हाळाभर वरच्या गावांच्या मोटारींना मिळतं. नावेला जायचं असेल तर एक गाळा मोकळा करावा लागायचा. खालच्या बंधाऱ्याचं पाणी मागं तुंबून या बंधाऱ्याच्या पायाला आलेलं असायचं, त्यामुळे दोन्हीकडच्या पाण्यात फार उंचीचा फरक नसे. बरगे काढले की पाणी जोरात धावे, जरा वेळानं ओढ मंदावे, आणि मग नाव दोरावर धरून हळूहळू खाली सोडायची. मागच्या महिन्यात नातू विचारत होता, आजी, बंधाऱ्यातनं नाव जाऊ देतात का? कागदोपत्री देत नसतील बाबा, त्या काळी माणसं देत होती. फक्त एक रीत होती. ज्याच्या नावेसाठी गाळा उघडला, त्यानंच तो परत बुजवायचा. शेवटचा बरगा बसून चिखल तुडवून झाल्याशिवाय नाव पुढं हाकायची नाही. आबा सांगायचे, त्यांच्या आज्यानंही ही रीत मोडली नव्हती.

नाव न्यायला आबा, रामूकाका आणि मी. रामूकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, कमी बोलणारे, दिवसाला दोनतीन वाक्यं. माझा भाऊ सैन्यात होता, म्हणून तिसरं माणूस मी. काठी मारायला मी भावापेक्षा बरी होते हेही खरं. आईनं भाकऱ्यांची चवड, खर्डा, गूळ आणि दह्याचं गाडगं बांधून दिलं, नावेच्या टोकाला हळदकुंकू लावलं आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. मी परकरावर आबांचा जुना सदरा घातला होता. पिशवीत भूमितीची वही घेतली होती, कारण परीक्षा जवळ आली होती आणि मला असं वाटायचं की वही जवळ असली की मी नावाड्याची पोरगी दिसत नाही. पहिल्या दिवशी पहिला बंधारा सुरळीत पार पडला. गावातली आठदहा माणसं आपणहून आली, दुपारपर्यंत गाळा उघडून परत बुजवून मोकळी झाली. संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या देवळात उतरलो, झुणका केला. इतका चांगला झुणका मी पुन्हा खाल्लेला नाही.

दुसऱ्या बंधाऱ्यावर राखणदार होते शिवाप्पामामा. उंच, वाळके, डोक्याला मळका रुमाल. कन्नड मुलखातून आलेले, त्यामुळे मराठीला एक वेगळाच हेल. आबांची आणि त्यांची जुनी ओळख. आम्हाला बघून ते लांबूनच ओरडले, "याऽ की पावणं! नाव घिऊन कुटं निघालायसा, मुंबईला?" आबांनी सगळं सांगितलं. मामांनी डोकं खाजवलं. "सायेब लोकास्नी कळ्ळं तर माजी चामडी लोळवतील. ह्या साली मला कायम करायचं चाललंय. पर तुजी नाव आडीवली तर देवी मला बगून घील." एवढं बोलून ते हसले आणि पहार आणायला गेले. मला म्हणाले, "अव्वा, च्या पिलीस का?" त्यांच्याकडं लेकीबाळींना मायेनं अव्वा म्हणतात. त्यांच्या खोपीत त्यांनी मला गुळाचा चहा करून दिला, स्वतःच्या भाकरीतली अर्धी दिली. वर म्हणाले, "खा, खा, काठी मारायची हाय."

मामांना लिहिता येत नव्हतं. गाळा उघडताना त्यांची एक पद्धत होती. एक बरगा निघाला की ते तंबाखूच्या डबीतल्या चुन्यात बोट बुडवून खांबावर एक बोट ओढायचे. परत घालताना एकेक बोट पुसायचं. सगळी बोटं पुसली म्हणजे सगळे बरगे बसले. प्रत्येक गाळ्याची खोली निराळी, बरग्यांची गणती निराळी, आणि त्या बंधाऱ्यावर ते एकाच वर्षापूर्वी आले होते, म्हणून ते बोटांवरच सगळा भरवसा टाकायचे. मी ते बघितलं आणि माझ्यातली हुशार विद्यार्थिनी जागी झाली. म्हटलं, "मामा, बोटं कशाला? मी वहीत लिहितो की." आम्ही पोरी तेव्हा असंच बोलायचो, येतो, जातो, लिहितो. मामा खूश झाले. आबांना म्हणाले, "शिकलेली पोर तुजी! आता चुना माज्या तंबाकूला ऱ्हायला." त्यांनी खांबावरची पहिली दोन बोटं तळहातानं पुसून टाकली. आबांच्या तोंडावर त्या वेळी जे समाधान आलं, ते मला आज आठवलं की जेवण जात नाही.

बरगे निघाले सव्वीस. मी भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं रेघा ओढल्या, प्रत्येक पाचवी आडवी, आणि खाली आकडा लिहिला. बरगे उन्हात ठेवून चालत नाही, वाळले की तडकतात आणि मग फटी धरत नाहीत. म्हणून मामांनी ते सगळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, काठाजवळच्या पाण्यात एकत्र बांधून ठेवले. काठ चिखलाचा, मेख धरेना. त्यांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "अव्वा, हितंच बसायचं. कायबी झालं तरी दोरी सोडायची न्हाई. मेख कच्ची हाय आनि गाळा उगडा हाय." मी म्हटलं, "व्हय मामा." मग नाव सोडली. आबा आणि काका आत, मामा वरून दोर धरून. पाणी खवळलेलं, नाव एकदा डाव्या खांबाला घासली आणि मग ती खाली उतरली. बरंच पाणी आत आलं होतं. आबा आणि काकांनी ती खाली काठाला लावली आणि पाठमोरे होऊन पाणी उपसू लागले. सकाळचं कोवळं ऊन जाऊन चांगलं तापलं होतं. मी दोरी धरून बसले होते आणि मनातून स्वतःवर खूश होते.

बंधाऱ्यावरून पायवाट असते, सायकलीही जातात. तिकडून सायकलची घंटा वाजली. मी वर बघितलं. वंदनाचे वडील सायकलवर, मागं कॅरिअरला वंदना. जत्रेच्या दिवसांत तिच्या मामाकडे चालली होती, हे मला नंतर कळलं. उघडा गाळा बघून ते थांबले, खाली उतरले. साहेब शिवाप्पामामांना काहीतरी विचारू लागले. वंदना कठड्याला धरून नावेकडे बघत होती, मग हळूहळू तिची मान माझ्या बाजूला वळायला लागली. मी गुडघ्यापर्यंत चिखलात, अंगावर आबांचा सदरा, केस विस्कटलेले. मी काही ठरवलं नाही. विचार केला असंही म्हणता येणार नाही. दोरी माझ्या हातातून सुटली आणि मी पिशवी उचलून मागच्या करंजीच्या झाडामागे जाऊन बसले. गुडघ्यात डोकं घालून बसले. सायकलची घंटा पुन्हा वाजून लांब जाईपर्यंत मी श्वाससुद्धा मोठा घेतला नाही.

बाहेर आले तेव्हा मेख उपटून निघाली होती. दोरी सैल होऊन बरगे सुटे झाले होते आणि गाळ्याकडे निघाले होते, निम्मे बुडालेले, सावकाश, काही घाई नसल्यासारखे. मी छातीभर पाण्यात उडी घेतली, दोन्ही हातांनी ओढून आणले, पायानं अडवले, दातात दोरी धरून बांधले. माझ्या डोळ्यांदेखत चार बरगे गाळ्यातून गेले. मामा साहेबांना वाटेला लावून पलीकडच्या टोकाला गेले होते. आबा आणि काका पाठमोरे होते. निदान मी तरी असं धरून चालले. त्या वेळी नुसतं ओरडले असते, "आबा, बरगं चाललं!" तर दोघांनी पोहत जाऊन पाच मिनिटांत आणले असते. एवढंच करायचं होतं हो. पण ओरडले असते तर दोरी का सुटली हे सांगावं लागलं असतं. मी ओली चिंब परत झाडामागे गेले, वहीचं ते पान फाडलं, चुरगळून चिखलात दाबलं आणि नव्या पानावर बावीस रेघा ओढल्या. प्रत्येक पाचवी रेघ आडवी काढायलाही विसरले नाही.

दुपारपासून बरगे घालायला सुरुवात झाली. मामा वरून बांबूनं दाबत होते, आबा आणि काका पाण्यात. बरगे संपले आणि दोन्ही ओळींत वर हातभर फट राहिली. तिच्यातून पाणी भळाभळा चाललेलं. मामा बघतच राहिले. "आरं, कमी पडाय लागलं की! अव्वा, वही बग." मी वही उघडून पुढं धरली. "बावीस हुतं मामा. बावीस घातलं." त्यांनी त्या रेघांकडे बघितलं. पाचवी रेघ आडवी मारायची माझी रीत त्यांना ठाऊक नव्हती, तरी बराच वेळ बघितलं. मग खांबाकडे बघितलं, जिथली बोटं त्यांनीच पुसली होती. मग म्हणाले, "मग आदीच कुणीतरी वरचं बरगं काडून न्हेलं आसतील. सरपनाला न्हेत्यात भडवं. आनि माजं ध्यान न्हाई. म्या आंधळा. माजीच चूक हाय पावणं, तुमचा खोळंबा केला." आबा पाण्यात उभे होते. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, एकदाच. 

त्यांनी आणि काकांनी संध्याकाळपर्यंत त्या फटीत पालापाचोळा, गवताच्या पेंढ्या, चिखल कोंबून बघितला. थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं, आबांचे ओठ काळेनिळे पडले. घातलेला चिखल धुपून जायचा, पुन्हा घालायचा. शेवटी मामाच म्हणाले, "जावा तुमी. न्हाईतर जत्रा चुकंल. म्या सकाळी कचेरीत सांगून नवीन बरगं मागवतो." रीत मोडून आम्ही नाव पुढं हाकली. मामा बंधाऱ्यावर उभे राहून हात हलवत होते, "अव्वा, परीक्षा चांगली दे!" असं ओरडत होते. मी हात हलवला नाही. मला वाटलं, हात वर केला तर सगळं बाहेर पडेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर, काठच्या लव्हाळ्यात एक बरगा अडकलेला दिसला. टोकाला लोखंडी कडी, ओळखू न येण्यासारखं काहीच नव्हतं. आबांनी काठी रोवून नाव थांबवली. बरग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काका दुसरीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सरपन आसंल कुणाचं." आबा म्हणाले, "वहीत किती हुतं?" मी म्हटलं, "बावीस." ते म्हणाले, "तू शिकलेली हाईस. तू म्हनशील तसं. मागं फिरू या म्हनालीस तर फिरू या. तर गेली तर गेली." मला आजही त्यांचा तो आवाज ऐकू येतो. रागाचा नव्हता. त्यांना खरोखर माझ्याकडून ऐकायचं होतं. आपलं सगळं पोट ज्या नावेवर, ती नाव मागं फिरवायला तो माणूस तयार होता, फक्त मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "उशीर होईल आबा. जत्रा चुकंल." आबांनी काठी उपसली. त्या दिवसानंतर त्यांनी चारचौघांत मला 'शिकलेली पोर' असं कधी म्हटलं नाही.

तिसऱ्या बंधाऱ्याचा गाळा रीतसर उघडून-बुजवून नाव वेळेत पोचली. जत्रेच्या आदल्या दिवशी ऊन कलायच्या आत घाटाला लागली, सरपंचानं आबांना फेटा बांधला, वाजंत्री वाजली. जत्रेत हजारो माणसं आमच्या नावेतून देवीला गेली आणि तर कायमची आमची झाली. जत्रा उठल्यावर काही दिवसांनी वरच्या गावाकडून आलेला एक पाहुणा नावेत बसून सांगायला लागला. वरच्या बंधाऱ्याचं म्हणे सगळं वाटोळं झालं. फटीतून पाणी जाऊन जाऊन गाळ्यातला चिखल धुपला, पाणी उतरलं, मोटारींचे पाइप उघडे पडले, नवीन बरगे येईपर्यंत आठ दिवस उभी पिकं करपली. "राखनदारानंच बरगं विकलं आनि दारू प्याला. कामावरनं काडलाय भाड्याला! गावातल्या पोरांनी धू धू धुतला." आबा नाव हाकत होते. मी मागच्या टोकाला बसून पाणी उपसत होते. पाहुणा उतरून गेल्यावर आबा कितीतरी वेळ काठी धरून तसेच उभे राहिले. मी पाणी उपसतच राहिले, नावेत पाणी नव्हतं तरी.

शिवाप्पामामा दारूला शिवत नव्हते. मी त्यांच्या खोपीत बसून गुळाचा चहा प्यायले होते, मला माहीत होतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. माझं अक्षर तर वर्गात सगळ्यांत चांगलं! मी परीक्षा दिली, पास झाले, डी.एड. केलं ते त्या नावेच्या कमाईवरच. लग्न झालं, कोल्हापुरात आले, नोकरी केली. वर्गात पोरं खोटं बोलताना सापडली की मी त्यांना खोटं बोलण्यावर भाषण द्यायचे आणि छान द्यायचे. आबा गेले तेव्हा शेवटचे चार दिवस मी त्यांच्या उशाशी होते. एकदा ते म्हणाले, "त्या शिवाप्पाचं काय झालं आसंल गं?" मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बस्स, तेवढंच केलं. सांगायला लाज वाटते, पण लाज वाटते म्हणूनच आता लिहितेय. घरातले म्हणतात, सत्तरी उलटली, आता कशाला उकरून काढायचं? उकरायला ते पुरलेलं कधी होतं?

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षीची गोष्ट. जून महिना, प्रवेशाची गर्दी, माझ्या खोलीबाहेर पालकांची रांग. शिपायानं एक अर्ज आणून ठेवला. पाचवीतल्या मुलीचा. पालकाच्या जागी आजोबांचं नाव होतं आणि ते वाचून माझ्या हातातलं पेन थांबलं. आत आले ते शिवाप्पामामाच. कमरेत वाकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, हात नातीच्या खांद्यावर. अंगावर धुतलेलं धोतर, पण ठिगळाचं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळख दाखवायला नको होती, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, बसा." ते दचकले, डोळे बारीक करून बघू लागले. "कोन? नावाड्याची शालन न्हवं?" मी मान हलवली. म्हातारा एकदम खुलला. "आग्गं अव्वा! केवढी मोठी झालीस गं! बाबा बरा हाय का?" म्हटलं, गेले. ते हळहळले, टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "लई देवमानूस."

मी विचारलं, बरं चाललंय का. ते म्हणाले, चाललंय की. बंधाऱ्यावरची नोकरी गेली, मग लोकांच्या ऊसतोडीला गेले, मग साखर कारखान्याच्या अड्ड्यावर बैलं राखली. गावात परत गेले नाहीत, पोराच्या सोयरिकीला फार अडचण आली, लोक म्हणायचे चोराचं घर. मुलगा आता नाही. ही नात तेवढी आहे. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. आता सांगायचं, आत्ता, असं मी स्वतःला म्हणत होते. दार उघडं होतं, बाहेर पालक उभे होते, शिपाई चहा घेऊन आला होता. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "थांब अव्वा, मला बोलू दे. किती वर्सं झाली, मनात हाय. त्या दिशी माज्या गलथानपनानं बरगं कमी पडलं. तुज्या बाबानं थंडीत, छातीएवढ्या पान्यात, सांजपातुर चिखल तुडीवला. व्हट काळंनिळं पडलं हुतं बिचाऱ्याचं. तू बी भिजून कुडकुडत हुतीस. माज्यापायी तुमचा आख्खा दिस मोडला. जाऊन माफी मागावी म्हनत हुतो, पर तोंड न्हाई झालं. तुजा बाबा ऱ्हायला न्हाई, तर तूच माफ कर बाई."

एवढं बोलून म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले.  

मी म्हटलं, "असू दे मामा. होतं असं कुणाच्या हातून. मी कधीच विसरले ते."

त्यांचे डोळे भरून आले. मोठं ओझं उतरल्यासारखे ते खुर्चीत मागं टेकले. मी अर्जावर सही केली. मग त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाया पड बाळ बाईंच्या. ह्यांच्यासारकी मोठ्या मनाची हो." पोरगी पुढं आली, वाकली, तिनं माझ्या पावलांवर डोकं टेकवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.